अमरनाथरावांना चढलेला गंज

नवस बोलताना शिवकन्याबाईंनी नवऱ्याला विचारलं नव्हतं. देवाशी बोलताना मधे माणूस कशाला, असं त्यांचं साधं मत. प्रीती, त्यांची लेक, नर्स म्हणून कायम झाली आणि जेवताना त्यांनी हळूच सांगितलं, "अहो, चंपाषष्ठीला खंडोबाला जायचंय. लग्नात राहिलेलं ते उचलणं पुरं करायचंय."

अमरनाथरावांचा घास हातातच राहिला. नवऱ्यानं बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही तिथली रीत. लग्नात नेमकी त्यांची कंबर लचकली होती (असं ते सांगतात). तेव्हा शिवकन्याबाई शेवग्याच्या शेंगेसारख्या होत्या. आता सुखात होत्या.

"अगं, मला विचारायचं तरी!"

"देवानं पोरीला नोकरी देताना तुम्हाला विचारलं का?"

अमरनाथराव साखर कारखान्यात कारकून; आजवर उचललेलं सगळ्यात जड म्हणजे खातेवही. दुसऱ्याच दिवशी ते ढोकीच्या जिममध्ये हजर झाले.

"काका, पहिलं थोडं चालायचं बगा," शिकवणारा वीरभद्र म्हणाला.

"चालून बायको उचलत नसते!" म्हणत अमरनाथरावांनी जडातला जड बार उचलला, आपटला, पुन्हा उचलला. मग पळायच्या पट्ट्यावर जीव तोडून पळाले. भरदुपारी चांदण्या दिसल्या. संध्याकाळी चहाचा कप दोन हातांनी धरावा लागला.

प्रीतीला फोन गेला.

"मम्मी, एकदम एवढा जोर लावला की शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो."

"त्यांना कसला गं स्ट्रेस? हवेत तर मी असणार!"

"तसला नव्हं. लोखंडाला गंज चढतो ना, तसं समज."

शिवकन्याबाईंनी 'गंज' तेवढा ऐकला. घरातली एकही कढई त्यांनी आजवर गंजू दिली नव्हती, नवरा कसा गंजू देतील? सकाळी आवळा, दुपारी डाळिंब, रात्री हळदीचं दूध, वर तिळाच्या तेलाचं मालिश. तळण बंद, भाकरी अर्धी. शिवाय औषधाच्या दुकानातून 'गंज उतरायच्या' गोळ्या.

अमरनाथराव मात्र कारखान्यात ऐटीत सांगत, "मला ऑक्सिडेटिव्ह आहे."

"इंग्रजी आजार हाय," शेजारच्या टेबलावरचे महांतप्पा आदरानं म्हणाले, "सुट्टी मिळंल."

गोळ्यांचं ऐकून प्रीती फोनवर ओरडलीच. "मम्मी, बंद कर आधी! थोडा गंज चढू दे की. तो झाडायला शरीर आपलं आपण शिकतं, पण रोज थोडं थोडं केलं तर! सगळा तूच उतरवलास तर शिकायचं कुणी?"

पण चंपाषष्ठी उजाडली होती.

टेकडीवर भंडारा उधळला जात होता. अमरनाथराव वाकले, देवाचं नाव घेतलं आणि बायकोला उचललं. साडीचा काठ वीतभर उठला. तेवढ्यात त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले.

"सोडू नका वं, नवस हाय!"

"मी धरलेलं न्हाय, मी अडकलोय!"

चौघांनी मिळून दोघांना सोडवलं. शिवकन्याबाईंचे डोळे भरून आले. पोरीच्या नोकरीला देवानं उशीर केला नव्हता. आता आपण नवस न फेडताच परत जायचं?

गुरव शंभुलिंग जवळ आले. "वहिनी, नवस नेमका काय बोललावता?"

"जोडीनं येऊ, उचलून पाच पायऱ्या चढू."

"कोण कुणाला, ते बोललावता?"

शिवकन्याबाईंनी डोळे मिटून आठवलं. "न्हाय बा."

त्यांनी पदर खोचला. अमरनाथरावांना काही कळायच्या आत ते खांद्यावर होते. येळकोटाचा गजर झाला, पाचही पायऱ्या झाल्या. वर बायकोच्या खांद्यावरून उलटं जग बघत ते पुटपुटले, "उतरव आता, लोक बघायलेत."

शिवकन्याबाईंचा चेहरा नुसता उजळला होता.

"अहो, जिमचा केवढा गुण आला! लई हलके झालाय. असंच चालू ठेवा, दरसाल येत जाऊ."