खाऱ्या पाण्याचा कूलर

प्रवासातले झाडून सगळे अपघात निघालेल्या माणसांनाच होतात, ही गोष्ट कोणत्याही देशाच्या आकडेवारीवरून सिद्ध करता येते. न निघालेल्या माणसाची मोटार घाटात बंद पडल्याचं एकही उदाहरण आजवर नोंदलेलं नाही. जग या सत्याकडे दुर्लक्ष करतं. धंतोलीतल्या आनंदरावांनी ते केलं नाही. कोकणचा किनारा स्वतः गाडी चालवत पाहायचा, म्हणून त्यांनी सदुसष्ट साली एक जुनी मोटार विकत घेतली आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यापर्यंत या बेताला एकही अपघात होऊ दिला नाही.

आनंदराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. आधी प्रयोग, मग मत, हा त्यांचा बाणा होता. (मतानंतर काय करायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं.) दर रविवारी त्यांच्या बैठकीत नियोजन समिती भरे. समितीत ते स्वतः, गांधीबागेतले कापडाचे व्यापारी महादेवराव आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर नत्थूजी असे तिघे होते. नत्थूजींना किनाऱ्याचे तज्ज्ञ मानलं जाई, कारण त्यांच्या साडूंची एकदा रत्नागिरीला बदली होता होता राहिली होती.

चौथं माणूस म्हणजे आनंदरावांच्या पत्नी इंदूबाई. त्या समितीत नव्हत्या. त्या चहा आणत.

इंदूबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. दर जूनमध्ये त्या फळ्यावर कोकणचा किनारा काढत. डोंगराचे सुळके पाण्यात कुठे घुसतात, खाड्या कुठे आत शिरतात, हे सगळं नकाशात न पाहता. फार वर्षांपूर्वी कुसुम नावाच्या मुलीने विचारलं होतं, "बाई, समुद्राचा आवाज कसा येते?" इंदूबाईंनी नागपुराबाहेरचं सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते रामटेकच्या तलावाचं, आणि त्याला आवाज नव्हता. त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येतो आम्ही. मग सांगते." पुढे कुसुम मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि त्याच शाळेत कुसुमताई म्हणून रुजू झाली. आता ती शिक्षकांच्या खोलीत डबा उघडताना तोच प्रश्न विचारी. येत्या मार्चमध्ये इंदूबाई निवृत्त होणार होत्या. या जूनमध्ये किनाऱ्याचा धडा त्या शेवटचा शिकवणार होत्या, आणि निदान त्याआधी तो किनारा पाहावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. समितीने ते तत्त्वतः मान्य केलेलं होतं.

पण अडचणी खऱ्या होत्या. पहिली नातेवाइकांची. समितीच्या अभ्यासाप्रमाणे नातेवाइकांची घनता नागपूरपासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते, परंतु पुण्यापर्यंत ती शून्य होत नाही.

"अकोल्याले माह्या साळ्याकडं जेवल्याबिगर पुढं जाता येत नाही," महादेवराव म्हणाले. "आन् त्याच्याकडं जेवलं, तं बडनेऱ्याच्या मावशीनं काय पाप केलं?"

"मावशीकडं मुक्काम करा लागते," नत्थूजी म्हणाले. "नुसतं जेवून उठलं, तं राग येते तिले."

सर्वांचा मान राखणारा मार्ग आखला, तेव्हा तो अकोल्याहून उलटा फिरून वर्ध्याला येत होता. समितीने त्यावर दोन हिवाळे काम केलं.

दुसरी अडचण घाटाची. नागपूर निसर्गाने सपाट केलेलं असल्यामुळे चढणीचा सराव सेमिनरी हिल्सवर करावा लागला. तिथे एक शास्त्रीय पेच उभा राहिला. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, त्यामुळे त्याला निरीक्षण करता येत नाही. आनंदरावांनी निरीक्षण स्वतःकडे ठेवलं आणि चालवण्याचं किरकोळ काम इंदूबाईंकडे दिलं. त्यासाठी त्यांना रीतसर लायसनही काढून दिलं. इंदूबाई चढणीवर गाडी थांबवत आणि मागे न सरकवता पुन्हा काढत. मागच्या सीटवर आनंदराव घड्याळ घेऊन बसत आणि शेजारी नत्थूजी देवाचं नाव घेत.

तिसरी अडचण हवेची. ती नत्थूजींनी चैत्रात काढली.

"तिकडची हवा लोखंड खाते गा, आनंदराव. माह्या साडूनं सांगतलं. खिडकीचे गज सालभरात खलास!"

(साडू बदली टळल्यावर जन्मभर भंडाऱ्यालाच राहिले, पण ही माहिती त्यांना बदलीच्या धास्तीने मिळवावी लागली होती.)

दुसरा कुणी असता तर घाबरला असता किंवा निघाला असता. आनंदरावांनी चाचणी ठरवली. मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये मोटार उभी केली. महादेवरावांनी दुकानातून ताडपत्री पाठवली, ती चहूबाजूंनी लावली. घरातला एकुलता एक कूलर उचलून शेडच्या तोंडाशी बसवला, त्याला नवीन खसच्या ताट्या लावल्या आणि टाकीत मिठाचं पाणी भरलं. प्रमाण दर लिटरला पस्तीस ग्रॅम, हे इंदूबाईंच्या पुस्तकातून घेतलं. अशा रीतीने मे महिन्याच्या मध्यावर, पारा सेहेचाळीसवर असताना, धंतोलीत समुद्रावरचं वारं सुरू झालं. ते मोटारीला मिळत होतं. माणसं बैठकीत पंख्याखाली ओले पंचे डोक्यावर घेऊन बसत. आनंदरावांच्या आई, पार्वतीबाई, ऐंशीच्या घरात होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या जन्मी मोटार व्हावं म्हणते मी."

आतली दमट हवा निसटू नये म्हणून शेडमध्ये जायची सर्वांना मनाई होती. निरीक्षणासाठी एकच माणूस आत जाई. दुपारच्या उन्हात अंगण ओलांडायला समितीतलं कुणी तयार नसल्याने ते काम इंदूबाईंकडे आलं. त्या रोज आत जाऊन बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करत आणि चाचणीपुरत्या रोज संध्याकाळी भरणाऱ्या समितीला गंज आहे की नाही ते सांगत.

एकदाच आनंदराव मीठ मोजायला आत डोकावले. इंदूबाई स्टिअरिंगमागे डोळे मिटून बसल्या होत्या. काच खाली होती आणि पदर वाऱ्यावर उडत होता.

"अहो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "ओठावर मीठ लागून राहिलं."

"काच बंद ठेव," आनंदराव म्हणाले. "रीडिंग बदलते."

कूलरच्या गळत्या पाण्याजवळचं पपईचं झाड आठवड्यात वाळलं. समितीने त्यात किनारी हवामान साध्य झाल्याचा पुरावा पाहिला. महिनाअखेरीस मात्र नत्थूजींनी एक बिनतोड मुद्दा मांडला. हे फक्त उन्हाळ्याचं रीडिंग झालं. पावसाळा आणि हिवाळा पाहिल्याशिवाय चाचणी पुरी म्हणता येईल काय? नाही, असं सर्वांचं मत पडलं. कोकणचा बेत पुढच्या वर्षावर गेला.

इंदूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"शाळा सव्वीस जूनले उघडते," त्या म्हणाल्या.

"हो ना," आनंदराव म्हणाले.

"किनाऱ्याचा धडा आहे. माझा शेवटचा."

"हो, हो."

"तर मी गाडी घेऊन चालली. कुसुम येते सोबत. चहाचं आईंना सांगितलं आहे."

"बरं. येताना मीठ आण. संपत आलं."

"आन् वयनी," महादेवराव कपातून मान वर न करता म्हणाले, "साखर थोडी कमी टाकत जा."

यानंतरही काम शिस्तीत चालू राहिलं. मागच्या अंगणातून कूलरचा आवाज येत होता. उन्हाळ्यात आनंदराव गच्चीवर झोपत आणि बायका खालच्या अंगणात, त्यामुळे झोपेच्या व्यवस्थेतही काही फरक जाणवला नाही. ताट वेळेवर वाढलं जाई. चहा पार्वतीबाई आणत, आणि समितीने विचारलं, "आज गंज?" की प्रामाणिकपणे सांगत, "मले तं नाही दिसला." नत्थूजी समाधानाने मान हलवत. जुनी गाडी असूनही खाऱ्या हवेत इतकी टिकेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी शेजारच्या डॉक्टरांचा कंपाउंडर धावत आला. दवाखान्यात आनंदरावांसाठी ट्रंक कॉल होता.

"अहो, मी इंदू. गाडी ठीक आहे. गंज नाही."

"मग फोन कायले केला? इथं येऊन सांगायचं ना."

"मी गुहागरले आहे. पोस्टातून बोलून राहिली."

आनंदरावांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर नेला. "घाट?"

"चढली. एकदाही मागं नाही सरकली. अकोल्याले महादेवरावांच्या साळ्याकडं जेवलो, बडनेऱ्याच्या मावशीकडं येताना राहू म्हटलं. नाही आला कुणाले राग."

"अन् हे घूंघूं काय वाजून राहिलं इतकं?"

"तोच तर! थांबा, खिडकीतून धरते. ऐका हं."

आनंदरावांनी ऐकलं. काहीतरी येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. त्याचा आवर्तकाळ साधारण आठ सेकंद भरला. मागे कुठेतरी कुसुमताई मोठ्याने हसत होती. मग तीन मिनिटं संपली आणि फोन तुटला.

"लाईन खराब होती काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," आनंदराव म्हणाले. शास्त्रज्ञाला एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

घरी येऊन ते थेट मागच्या अंगणात गेले आणि ताडपत्री उचलून आत शिरले. कूलर जोरात चालू होता. जमिनीवर सगळीकडे मिठाची पांढरी साय धरली होती. फक्त मधला मोटारीएवढा चौकोन जरा कमी पांढरा होता. आनंदराव त्या चौकोनात, डाव्या बाजूच्या सीटच्या जागी, थोडा वेळ उभे राहिले. वारा तोंडावर येत होता. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. खारट लागलं. त्यांनी कूलर बंद केला आणि ते बैठकीत परतले.

"गंज?" नत्थूजींनी विचारलं.

"नाही."

"म्हंजे टेस्ट पास!" महादेवराव म्हणाले. "आता पुढच्या साली निघाले हरकत नाही."

समितीने इंदूबाईंच्या निरीक्षणाबद्दल एकमताने समाधान व्यक्त केलं आणि चहा मागवला.

हे वाचून जे वाचक हसले असतील, त्यांनी एक साधी चाचणी करून पाहावी. तिला मीठ लागत नाही. हातातलं वाचन खाली न ठेवता, नेहमीच्या आवाजात, आतल्या दिशेने "चहा" एवढंच म्हणावं. चहा येईल. आला की मात्र मान वर करून, तो कोणी आणला आहे ते नीट पाहावं.