अठ्ठेचाळीस आकडे

टेबलावर एक लॅपटॉप, एक नवी डिस्क, एक वायर, दोन स्क्रूड्रायव्हर आणि काकांची दोन कोपरं होती. कोपरं पुतणीने यादीत धरली नव्हती. गणित चुकायला तिथूनच सुरुवात झाली.

पुतणी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि मोजल्याशिवाय पाणीही पीत नव्हती. काकू घरबसल्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करून देई. सोळा वर्षं हे काम सुरळीत चाललं होतं. आता कंपनीने चाचणी ठेवली होती: आज संध्याकाळी पाच वाजता, ऑनलाइन, मिनिटाला किमान चाळीस शब्द. जमलं नाही तर काम बंद. आणि गेल्या आठवड्यात सरावात काकूचे चौतीसच भरले होते.

"बोटं म्हातारी झाली माझी," काकू म्हणाली होती.

"आधी लॅपटॉपचं वय बघू," पुतणी म्हणाली होती.

लॅपटॉप नऊ वर्षांचा होता आणि सुरू व्हायला सहा मिनिटं चाळीस सेकंद घेत होता. आतल्या जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं नव्या, वेगवान एसएसडी डिस्कवर जसंच्या तसं उतरवायचं आणि मग दोघींची अदलाबदल करायची, एवढाच बेत होता.

पावणेतीनला कॉपी पूर्ण झाली. खात्रीसाठी पुतणीने लॅपटॉप एकदा सुरू केला. काकांनी लगेच माऊस हलवून पाहिला.

"वा! काय पळतोय. जमीन-अस्मानाचा फरक."

"काका, नवी डिस्क अजून बाहेर आहे. हा जुन्याच डिस्कवर चाललाय."

"तरी जाणवतोय," काका म्हणाले. दिलेलं मत परत घेण्याची त्यांच्याकडे सोय नव्हती.

पुतणीने तळाचे अकरा स्क्रू काढले, आठ लांब आणि तीन आखूड, आणि कोऱ्या कागदावर ज्याच्या त्याच्या जागी मांडले. ती नवी डिस्क बसवत होती तेवढ्यात, सांडतील बिचारे म्हणून, काकांनी ते सगळे एका वाटीत जमा केले.

"आवरून ठेवलं गं."

पुतणीने वाटी पुढे ओढली. तिने पट्टी घेतली आणि एकेक स्क्रू मोजायला बसली. त्यात नऊ मिनिटं गेली.

लॅपटॉप सुरू केला, तर समोर निळा पडदा. डिस्क बदलल्याचं ओळखून त्याने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं आणि उघडण्यासाठी तो अठ्ठेचाळीस आकडी क्रमांक मागत होता.

"काकू, असा एक लांबलचक नंबर तुला कधी मिळाला होता का?"

"मिळाला होता की. अगदी जपून ठेवलाय."

"कुठे?"

"लॅपटॉपमध्ये."

"म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत," काका म्हणाले.

"चोराला सापडली का आजवर?" काकूने विचारलं.

पुन्हा अकरा स्क्रू निघाले. जुनी डिस्क आत गेली, सहा मिनिटं चाळीस सेकंद गेले आणि क्रमांक सापडला. पुतणीने फोनवर त्याचा फोटो काढला. पुन्हा नवी डिस्क, पुन्हा अकरा स्क्रू. या वेळी वाटी काकूने आपल्या मांडीवर धरली होती. घड्याळात चार पन्नास झाले होते.

"मी वाचतो, तू दाब," फोन हातात घेत काका म्हणाले आणि सवयीने दोन-दोन आकडे एकत्र वाचू लागले. "एकोणसत्तर. त्र्याऐंशी. एकोणऐंशी."

"एकोणऐंशी म्हणजे आठ नऊ ना?"

"सात नऊ! अगं एम.एस्सी. ना तू?"

दोनदा क्रमांक चुकला. तिसऱ्यांदा पुतणीचं बोट त्र्याहत्तरवर अडलं, तेव्हा काकू उठली.

"सरक बाई. अहो, तुम्ही वाचा. आणि माझ्यासाठी थांबू नका."

काका वाचत गेले. काकू पडद्याकडेही पाहत नव्हती, कीबोर्डकडेही नाही; भिंतीकडे बघत फक्त ऐकत होती. काकांच्या तोंडून शेवटचे "एकोणपन्नास" निघाले आणि तिने एंटर दाबलं. पुतणीने वेळ लावली होती: बत्तीस सेकंद.

कुलूप उघडलं. तेरा सेकंदांत काकूचं नेहमीचं फुलांचं चित्र पडद्यावर उभं राहिलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती.

काकांनी तोंड उघडलं.

"आता काही आवरू नका," काकू म्हणाली आणि दोघांना बाहेर काढून तिने दार लावून घेतलं.

चाचणी दहा मिनिटांची होती. बाहेर पुतणी आणि काका दाराला कान लावून उभे होते. आतून कळांचा आवाज येत होता, छपरावर दाणे सांडावेत तसा सलग.

काकू बाहेर आली ती गोंधळलेली.

"काय झालं?" पुतणीने विचारलं.

"काही नाही गं. इतके दिवस मी टाइप करायचे आणि अक्षरं उमटायची वाट बघत बसायचे. मला वाटायचं, मीच हळू झाले. आज तीच माझी वाट बघत होती."

पुतणीने आत जाऊन पडद्यावरचा निकाल मोठ्याने वाचला. मिनिटाला शब्द, सत्तावन्न. चुका, दोन.