बाही वर जात नाही

टेलरमास्तरांना सुईची भीती वाटते असं कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. उभा जन्म सुईदोऱ्यात गेलेला माणूस! ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारा! पण तीच सुई दुसऱ्याच्या हातात आणि दंड आपला, म्हटलं की मास्तर पळवाट शोधू लागत. हे गुपित त्यांनी बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. सुईला घाबरणाऱ्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार?

आणि नेमकी सूनबाई हात धुऊन मागे लागली होती.

"बाबा, मागच्या खेपेला तुम्हाला सर्दी झाली होती, त्याच्या आधी कुणाच्या तरी सुटाची घाई होती. उद्या दुकान बंद आहे. तुम्ही आणि आई, दोघांनी न्यूमोनियाची लस घ्यायची. मी नंबर लावलाय."

"अगं, मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत म्हणे!" बायको आतून बाहेर आली. "गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं हॉस्पिटलात पडला होतात, विसरलात? तुमचं ते मशीन गप्प होतं आणि घर नुसतं खायला उठत होतं मला. एरवी त्या खडखडाटानं डोकं उठतं माझं. पण तेव्हा वाटायचं, वाजू दे रे बाबा एकदाचं. पुन्हा तसले दिवस नकोत मला."

"बरं, घेतो," मास्तर म्हणाले आणि तडक पुढच्या खोलीतल्या दुकानात जाऊन बसले.

डोकं धरून बसल्यावर कल्पना सुचली. त्यांनी जाड कापड काढलं आणि स्वतःसाठी शर्ट बेतला. बाही इतकी अरुंद, की हात आत जाताना मास्तरांनाच घाम फुटला. पुढची बटणं नुसती शोभेची. सकाळी शर्ट अंगात चढवायचा आणि बटणपट्टी अंगावरच हातानं शिवून टाकायची. शर्ट निघणार नाही, बाही वर जाणार नाही, नर्स म्हणेल, 'आजोबा, पुन्हा कधीतरी या.' साप मरेल आणि काठीही तुटणार नाही!

तेवढ्यात बायको तिचा ब्लाउज घेऊन आली. मास्तरांनी शर्ट पटकन मांडीखाली दडपला.

"याच्या बाह्या घट्ट करून द्या. फार ढगळ दिसतात."

"किती घट्ट?"

"चांगल्या घट्ट करा हो."

चोराच्या मनात चांदणं. मास्तरांनी एका शब्दानं जास्त विचारलं नाही. मुकाट्यानं टीप मारून दिली.

दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या खोलीबाहेर मास्तर बायकोशेजारी काठी गिळल्यासारखे ताठ बसले होते. हात वाकत नव्हता, त्यामुळे सूनबाईनं दिलेला चहासुद्धा तोंडापर्यंत पोहोचेना.

"वा! काय फिटिंग आहे!" शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा म्हणाले. "कुणी शिवला हो?"

"मीच. एक सुरकुती दाखवा," मास्तर फुशारले, आणि तेवढ्यात नंबर आला. सूनबाई दोघांना घेऊन आत गेली.

नर्स चटपटीत होती. "आजोबा, बाही वर करा."

"जात नाही."

"मग शर्ट काढा."

"निघत नाही."

"अहो, मग घातलात कसा?"

"घातल्यावर शिवलाय. फिटिंगसाठी."

नर्सनं त्यांच्याकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, आणि ट्रेमधली कात्री उचलली. "शर्टापायी कुणाला परत पाठवलेलं नाही मी. सरळ कापते."

"अहो बाई, थांबा!" मास्तर किंचाळले. सुईचं भय बाजूला राहिलं. "आडवी कात्री घालता? नवं कोरं कापड आहे ते! कापू नका, उसवा. खांद्याची शिवण दिसते ना, तिथून घ्या. हां, टोक आत घाला. दोरा ओढा. हळू, हळू! अशानं कापड फाटेल. अगं सूनबाई, नीट धर ती बाही! कात्री कशी धरतात हे कुणी शिकवलंच नाही का तुम्हाला? आता खालच्या बाजूनं..."

"झालं."

"काय झालं? अजून अर्धी शिवण बाकी आहे."

"लस दिली, आजोबा."

मास्तरांनी दंडाकडे पाहिलं. कापूस लावलेला होता. "हे एवढंच?" ते म्हणाले, आणि लगेच छाती फुगवून बायकोकडे वळले. "बघ. याला घाबरतात लोक!"

"आता आजी, तुम्ही या. बाही वर घ्या."

बायको जागची हलेना. नर्सनं बाही सरकवून पाहिली. बाही वर जाईना. मग मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"म्हणजे काल तू..."

"मला सुईची भीती वाटते हो," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "शिंप्याच्या बायकोनं हे सांगायचं कुणाला? तुम्ही तेवढी घ्यावी, एवढंच मला हवं होतं."

"आणि तुला न्यूमोनिया झाला तर मी काय करू? मशीन चालवून मन रमवू?" मास्तर एकदम चिडलेच. मग त्यांनी नर्सच्या हातातून कात्री घेतली. "द्या इकडे. टीप माझी आहे, मीच उसवतो. आणि तू माझ्याकडे बघ. तिकडे नाही, इकडे बघ. या दोऱ्याचा रंग जमलाय का सांग."

"फिकट आहे," बायको म्हणाली.

"फिकट? डोळे तपासून घे तुझे!"

भांडण रंगात आलं आणि नर्सनं आपलं काम उरकलं.

मास्तर खांद्याशी लोंबती बाही सावरत बाहेर आले, तर मघाचे आजोबा वाटच बघत होते. "शर्ट शिवून घ्यायचाय तुमच्याकडून. पण बाही एवढी सैल नको हं, घट्टच द्या."

संध्याकाळी दोघांचेही दंड ठणकत होते. तरी मास्तर मशीनवर बसले. खडखडाट सुरू झाला. बायको शेजारी येऊन बसली आणि आज 'बंद करा ते' म्हणाली नाही. नुसती ऐकत राहिली.

थोड्या वेळानं तिनं वाकून पाहिलं. "अहो, शर्टाच्या खांद्यावर बटणं कसली लावताय?"

"बाही उघडायला. फ्लूची लस दरवर्षी असते म्हणे. सूनबाईनं विचारून ठेवलंय."

बायको उठली आणि मशीनशेजारी पुढच्या पाळीसाठी ठेवलेला आपला ब्लाउज उचलून आत घेऊन गेली.