एका मांडीवरच्या प्रवासाचं वर्क परमिट

काम कितीही धोक्याचं असो, त्याचा कागद नीट भरला की ते सुरक्षित होतं. हे सत्य ज्यांना उशिरा कळतं ते पडतात, आणि ज्यांना वेळेवर कळतं ते पडणाऱ्यांच्या चौकशी समितीवर बसतात. भिलाईच्या सेक्टर ६ मधले धोंडबा रामटेके दुसऱ्या प्रकारात मोडतात. चौतीस वर्षं तिथल्या पोलादाच्या प्लांटच्या सेफ्टी विभागात काढून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना अकरा प्रशस्तिपत्रं आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (घड्याळ बंद आहे, पण त्यापासून कोणाला धोका नाही.)

अशा माणसाच्या घरातून त्याची सून बावीस महिन्यांच्या मुलीला घेऊन एकटी टोरोंटोला निघावी, हे त्या सुनेचं भाग्यच म्हटलं पाहिजे. सुनेला ते तसं वाटलं नाही, पण सुनांचं हे असंच असतं.

सून म्हणजे प्रेरणा. हथखोजच्या एका छोट्या कारखान्यात ती नटबोल्टांची तपासणी करायची. लेक झाल्यावर ते सुटलं. लेकीचं नाव आम्रपाली, हाक मारायची ती आमू. नवरा रोशन टोरोंटोला नोकरीसाठी गेला तेव्हा आमू पाच महिन्यांची होती, त्यामुळे बाप म्हणजे एक आयताकृती, काळी, कडेला तडा गेलेली वस्तू अशी तिची समजूत झाली होती. ती फोनला ‘बाबा’ म्हणे, त्याला वरण-भात भरवी आणि रात्री त्याच्यावर पांघरूण घाली. एक दिवस त्या बाबांचं चार्जिंग संपलं तेव्हा पोर अर्धा तास रडलं. त्याच दिवशी प्रेरणाने ठरवलं की आता जायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल आईच्या मांडीवर बसून जातं, त्याला वेगळी सीट लागत नाही, आणि आमूच्या वाढदिवसाला दोनच महिने होते.

“बाबा, मी एकटीच जाऊन राहिली,” तिने सासऱ्यांना सांगितलं. “दिल्लीपासून चवदा घंटे.”

“एकटी कशी?” धोंडबा म्हणाले. “कमिटी हाये नं.”

कमिटी तोवर नव्हती, पण संध्याकाळपर्यंत झाली. अध्यक्ष अर्थातच धोंडबा. तांत्रिक सल्लागार म्हणून शेजारचे दौलतराव; हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि लांबच्या प्रवासाचा त्यांच्याइतका अनुभव अख्ख्या सेक्टरात कोणाला नव्हता. (हा सगळा अनुभव शेवटच्या डब्यात एकट्याने बसून घेतलेला होता, पण अनुभव तो अनुभव.) विदेश तज्ज्ञ म्हणून पलीकडच्या लायनीतल्या रत्नमालाबाई, ज्या पूर्वी एकदा मुलाकडे अमेरिकेला जाऊन आल्या होत्या आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलल्या नव्हत्या. चहापाणी विभाग शालूबाई, म्हणजे प्रेरणाची सासू. प्रेरणाला विशेष निमंत्रित म्हणून घेतलं. विशेष निमंत्रिताला मत नसतं, पण खुर्ची मिळते. आमू मांडीवर असल्यामुळे ती अर्धीच मिळाली.

पहिल्याच बैठकीत प्रेरणाने एक प्रश्न विचारला. “चवदा घंट्यात मले बाथरूमले जा लागन. तवा आमूले कोन धरन?”

प्रश्न चांगला आहे यावर एकमत झालं. धोंडबांनी तो वहीत उतरवून घेतला आणि खाली रेघ मारली. दुसऱ्या बैठकीत तो ‘विचाराधीन’ होता. तिसऱ्या बैठकीत रत्नमालाबाईंनी त्यावर तोडगा सुचवला की पाणीच कमी प्यावं. “मले तं काहीच त्रास नाही झाला,” त्या म्हणाल्या. “मी झोपूनच होती.” चौथ्या बैठकीत दौलतरावांनी मालगाडीच्या गार्डाची या बाबतीतली पारंपरिक पद्धत सांगायला सुरुवात केली, तेव्हा शालूबाईंनी चहा आणला आणि विषय उपसमितीकडे गेला. उपसमितीत कोण आहे हे अजून ठरायचं आहे.

बाकीचे निर्णय मात्र धडाक्याने झाले. सोबत न्यायच्या वस्तूंची यादी ६३ कलमांची झाली. तीत ओव्याची पुरचुंडी, सातूचं पीठ, कानात घालायचे कापसाचे बोळे (आमूसाठी दोन, शेजाऱ्यांसाठी आठ), टॉर्च, शिट्टी आणि धोंडबांचं पिवळं हेल्मेट होतं. हेल्मेट लहान मुलाच्या डोक्याला बसत नाही म्हणून ते मोठ्या मनाने वगळण्यात आलं. आमूची दृष्ट काढावी हा ठराव अंधश्रद्धा म्हणून एकमताने फेटाळला गेला. शालूबाईंनी मतदान केलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन दृष्ट काढली. एकूण सामान चार बॅगा. ते उचलायला प्रेरणाचे हात दोन, त्यातला एक आमूच्या ताब्यात. हे गणित कुणी मांडलं नाही, कारण वहीत त्याला रकाना नव्हता.

मग मॉक ड्रिल. प्रत्यक्ष संकट येण्याआधी त्याची तालीम करावी, हे धोंडबांचं आयुष्यभराचं ब्रीद. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांची ओळ लागली. मधल्या खुर्चीत प्रेरणा, तिच्या मांडीवर आमू, उजवीकडे प्रवासी म्हणून दौलतराव, डावीकडे प्रवासी म्हणून रत्नमालाबाई. इंजिनाच्या आवाजासाठी कूलर फुल स्पीडवर. विमानात दर थोड्या वेळाने ‘टिंग’ असा आवाज होतो, अशी साक्ष रत्नमालाबाईंनी दिल्यामुळे धोंडबांनी बाजारातून तसाच आवाज करणारी दारावरची घंटी आणली.

आता, घंटी वाजली की काय करायचं, याबद्दल सेफ्टीच्या माणसाला कुणी शिकवायला नको. हातातलं टाकायचं, न घाबरता दाराकडे जायचं आणि असेंब्ली पॉइंटवर जमायचं. असेंब्ली पॉइंट म्हणजे संकटात सगळ्यांनी गोळा व्हायची ठरलेली मोकळी जागा. इथे ती फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली होती. तिथे सगळ्यात आधी पोचणाऱ्याला धोंडबा राजगिऱ्याचा लाडू देत.

प्रेरणाला हे खटकलं. “बाबा, विमानात टिंग झाली तं बसाले सांगतेत. उठाले नाही.”

“बेटा, घंटी वाजली का भायेर,” धोंडबा शांतपणे म्हणाले. “चौतीस वर्षं मी लोकाईले हेच शिकवलं. आता नातीले उलटं शिकवू का?”

अकरा दिवस ड्रिल चाललं. रोज टिंग, रोज आमू मांडीवरून घसरून तुरुतुरु दाराकडे, रोज लाडू. दौलतराव एकदाही पहिले आले नाहीत. धोंडबांनी नोंद केली : ‘बालिका, प्रतिसाद अत्युत्तम. मांडी ते दार, ९ सेकंद.’ पोर शिकण्यासारखं असलं आणि शिकवणारा जिद्दी असला की काय होऊ शकतं, याचं इतकं चांगलं उदाहरण आजवर कुठे पाहायला मिळालेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी परमिट भरलं गेलं. प्लांटमध्ये जोखमीचं काम वर्क परमिटशिवाय सुरू होत नाही. वर परवानगी देणाऱ्यांच्या सह्या असतात आणि अगदी खाली, ज्याला आत उतरायचं आहे त्याचं नाव. धोंडबांनी स्वतःच्या हाताने तक्ता आखला. ‘योजना’ : सही, धोंडबा. ‘तांत्रिक तपासणी’ : सही, दौलतराव. ‘विदेश बाबी’ : सही, रत्नमालाबाई. ‘काम प्रत्यक्ष करणार’ : प्रेरणा. त्याच्याखाली ‘मदतनीस’ असा एक रकाना उरला. धोंडबांनी पेन जरा वेळ हवेत धरला, सगळ्यांकडे पाहिलं, आणि ठळक अक्षरात लिहिलं : ‘सर्व’.

प्रेरणाने तो कागद पासपोर्टात ठेवला. खरं सांगायचं तर तिला तो शब्द आवडला होता.

रायपूरच्या विमानतळावर तेवीस माणसं सोडायला आली. तेवीसही जणांनी आमूचा मुका घेतला, तेवीसही जणांनी “सांभाळून जा” म्हटलं, आणि दाराशी उभ्या जवानाने तिकीट विचारल्यावर तेवीसही जण कमी झाले. उरलेल्या दोघी आई आणि लेक.

दिल्लीपर्यंतचं विमान लहान होतं. तिथे टिंग चारदा झाली आणि आमू चारही वेळा दारापाशी जाऊन उभी राहिली. लोकांना गंमत वाटली. कुणी टाळ्याही वाजवल्या. दोन तासांच्या प्रवासात माणूस प्रेमळ राहू शकतो.

टोरोंटोच्या विमानात प्रवासी ३४२. चढताना आमूकडे पाहून हसलेले, ६१. तिचा सीट नंबर कळल्यावरही हसत राहिलेले, ४, पैकी तिघे वीस ओळी पुढे होते. प्रेरणाची सीट ३१-बी, म्हणजे मधली. खिडकीपाशी ३१-ए मध्ये एक गृहस्थ होते; त्यांनी डोळ्यांवर पट्टी ओढली आणि विमान हलायच्या आत ते या जगातून निवृत्त झाले. वाटेच्या कडेला ३१-सी.

३१-सीच्या हातात मराठी पुस्तक होतं, आणि ते पाहून प्रेरणाला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. ३१-सीने आमूचा गाल ओढला, नाव विचारलं, “अगं बाई, किती गोड,” असंही म्हटलं, आणि मग पुस्तक उघडलं.

टिंग झाली.

आमूने ड्रिलप्रमाणे हातातलं टाकलं (दूध होतं), मांडीवरून घसरली, ३१-सीचे गुडघे ओलांडले आणि दाराकडे निघाली. न घाबरता. मागून प्रेरणा, ती मात्र घाबरून. दारापाशी पोचून आमूने हात पुढे केला आणि लाडू मागितला. हवाई सुंदरीने हसून समजावलं. दुसऱ्या टिंगला तिने न हसता समजावलं. “मॅडम, बच्चे को पकड़के बैठिए.” पहिल्या नऊ तासांत टिंग ३७ वेळा झाली. आमू ३७ वेळा दारात. लाडू शून्य. सदतिसाव्या वेळीही तिची श्रद्धा अढळ होती. हे वळण धोंडबांकडचं.

पाचव्या तासाला प्रेरणा तिला घेऊनच बाथरूममध्ये गेली. ती खोली गॅसचं सिलिंडर ठेवायच्या कोपऱ्याएवढी. आधी कुणी तरी ओढलेल्या फ्लशची भसाभस अजून चालू होती. ती ऐकून आमू इतकी भेदरली की आईच्या मानेला तिच्या नखांचे ओरखडे उठले. प्रेरणा तशीच परत आली. त्यानंतर त्या दाराकडे नुसतं वळलं तरी पोर किंकाळी फोडी. हवाई सुंदरीला विचारलं तेव्हा जेवणाची ढकलगाडी मध्ये होती. ती म्हणाली, नंतर बघू. नंतर दुसरी ढकलगाडी आली.

नवव्या तासाला प्रेरणाच्या पोटात कळ यायला लागली. पाणी तर तिने दिल्लीपासून घोटभरच प्यायलं होतं, सल्ल्याप्रमाणे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कळ आली म्हणून नव्हे. तिला अकरा दिवसांचं ड्रिल आठवलं. चार मोठी माणसं होती, सहा खुर्च्या होत्या, घंटी होती, वही होती; आणि त्या अकरा दिवसांत एकदाही कुणी “आण इकडे पोरीले, तू पाठ टेक जराशी” म्हटलं नव्हतं. आमू एकदाही दुसऱ्याच्या मांडीवर बसली नव्हती. प्रेरणाला त्या सगळ्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली, कारण माणसं वाईट नव्हती. सगळी परमिटावरच्या त्या ‘सर्व’मधली होती.

तिने पासपोर्टातला कागद काढून एकदा पाहिला. मग ३१-सीकडे वळली. घाईत घरचीच भाषा तोंडात आली.

“अवो, दोन मिनिटं हिले धरता का? मले बाथरूमले जा लागते.”

३१-सीने वर न पाहता एक बोट उचललं, आणि फार सौजन्याने म्हटलं, “हो हो, का नाही. एवढी गोष्ट संपू द्या. शेवटच आलाय.”

प्रेरणा आमूला कडेवर घेऊन उभी राहिली. पुस्तकातली गोष्ट तिला दिसत नव्हती; ३१-सीचा चेहरा दिसत होता, आणि तो मधूनमधून हसत होता. कुणा म्हाताऱ्याची गोष्ट असावी, त्याच्या परमिटची, लाडवाची. फार मोठी नव्हती, दीडेक हजार शब्दांची.

ती गोष्ट इथे संपते. प्रेरणा अजून उभीच आहे. पुस्तक ठेवा आणि हात पुढे करा.