मॉडेल हौसाबाई

आरोग्य खात्याच्या सुदृष्टी कक्षाला एक चेहरा हवा होता. परिपत्रकात त्याचं वर्णन असं होतं : वय सत्तरीपुढे, सुरकुत्या अस्सल, रंगरंगोटी नाही, दिवे नाहीत; छायाचित्र नैसर्गिक प्रकाशात आणि कार्यालयाबाहेर काढलेलं असावं. पोस्टरवर खाली ओळ यायची होती, ‘मोतीबिंदू गेला, आता सगळं लख्ख दिसतं!’

काम श्यामकांत निमकरांकडे आलं. कक्षात कॅमेरा बाळगणारे ते एकटेच. नोएडाच्या त्यांच्या सेक्टरात एकही बारसं त्यांच्यावाचून पार पडत नसे, पण आपल्यातला कलावंत फायलींखाली गुदमरतोय असं त्यांना गेली बावीस वर्षं वाटत होतं.

त्यांनी आधी ऑपरेशन झालेल्या अकरा म्हाताऱ्यांचे फोटो रीतसर काढले. अकराही जण काळा चष्मा लावून होते. डॉक्टरांनी तसंच बजावलं होतं.

“निमकरजी, ये क्या है?” संचालक म्हणाले. “ये तो किसी गैंग का फोटो लगता है. आंखें दिखाइए, आंखें!”

घरी त्यांच्या पत्नीने, कुमुदने, उपाय सुचवला. “अहो, कॅन्टोन्मेंटातल्या विजयमालाची सासू बघा ना! काय चेहरा आहे! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण तीन जूनला ऑपरेशन आहेच.”

श्यामकांतांनी हिशेब मांडला. पोस्टर छापून येईल जूनच्या मध्याला. तोवर ते खरं झालेलं असेल. म्हणजे हे खोटं नव्हे, फक्त जरा लवकर.

सासूचं नाव हौसाबाई. त्यांचा मुलगा, म्हणजे विजयमालाचा नवरा मल्हारी, फौजेत हवालदार होता आणि सरहद्दीवर होता. फोटोचं ऐकून म्हातारी संकोचली. “माझा फोटू? आवो, मला आरशातली मी दिसंना आताशा. पर सरकारी काम हाय म्हणताय, तर येते.”

जागा ठरली जुन्या घुमटांची एक सरकारी बाग. तिथल्या परवाना खिडकीवर पंचाईत झाली.

“मॉडल का नाम?” कारकुनाने विचारलं.

“मॉडल नहीं, भाई. साधारण नागरिक.”

“साधारण नागरिक का कॉलम नहीं है, सर. कैमरा स्टैंड के साथ सिर्फ मॉडल अलाउड है. साधारण नागरिक को घूमना हो तो घूमे.”

श्यामकांतांनी ‘मॉडेल’ लिहिलं आणि ‘वरील माहिती सत्य आहे’ याखाली सही केली. वेळ त्यांनी सकाळी सातची मागितली होती, कोवळ्या उजेडाची. पण परवाने कार्यालयीन वेळेतच दिले जात आणि सूर्याकडून त्याबाबत लेखी हरकत आलेली नव्हती. वेळ मिळाली दुपारी साडेबाराची. महिना मे.

उन्हात चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डेच उमटू लागले. मग श्यामकांतांनी म्हातारीला कमानीच्या सावलीत बसवलं. समोरची तापलेली फरशी उजेड उलटा फेकत होती. तो हौसाबाईंच्या सुरकुत्यांत हलकेच उतरला, डोळ्यांवरच्या करड्या पडद्यात शिरला आणि तिथेच अडकून चमकू लागला. डोळ्यांना पाणी सुटलं.

“साहेब, लई झोंबतंय वो.”

“बस, एक मिनिट. हलू नका!” श्यामकांत म्हणाले. बावीस वर्षांनी त्यांच्यातला कलावंत फायलींखालून बाहेर आला होता.

संचालकांनी चित्र खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं. “ये आंसू... दृष्टि मिलने की खुशी!” एवढंच ते म्हणाले आणि पोस्टर पंधरा दिवस अलीकडे ओढलं. मेच्या अखेरीस हौसाबाई दिल्लीभर बसथांब्यांवर झळकल्या. कोपऱ्यात, नियमानुसार, बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘मॉडेल : हौसाबाई’.

तीन जूनला विजयमाला सासूला घेऊन लष्करी इस्पितळात गेली. नोंदणीच्या खिडकीमागच्या भिंतीवर तेच पोस्टर होतं. दिल्लीत मुरलेल्या मराठी कारकुनाने म्हातारीकडे पाहिलं, मग भिंतीकडे आणि तो आदराने उभा राहिला.

“अरे, माताजी आप! पण तुमचं ऑपरेशन तर झालंय.”

“नाही हो झालं,” विजयमाला म्हणाली. “आज आहे.”

“सरकार लिहितंय, झालं. एक मोतीबिंदू दोनदा काढता येत नाही, मॅडम.” त्याने चष्मा सावरून बारीक अक्षरं वाचली. “और ये मॉडल हैं. म्हणजे स्वतःचा व्यवसाय आहे. मग मुलावर आश्रित कशा?”

मुलाच्या नोकरीवर मोफत उपचार मिळवून देणारं आश्रित कार्ड तिथल्या तिथे जमा झालं.

विजयमाला थेट श्यामकांतांच्या घरी आली. “काका, एक चिठ्ठी द्या फक्त. त्या मॉडेल नाहीत, ऑपरेशन झालेलं नाही. दोन ओळी.”

“बिल्कुल! उद्याच देतो,” श्यामकांत म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

ते लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली तर परवान्यावरची सही खोटी ठरत होती, दुसरी लिहिली तर पोस्टर. चित्राची शिफारस त्याच आठवड्यात पुरस्कारासाठी गेली होती. तीन कागद फाडून त्यांनी चौथा इस्पितळाला पाठवला : ‘श्रीमती हौसाबाई यांच्या प्रकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ सप्टेंबरात उत्तर आलं. सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला होता.

पुरस्कार मिळाला. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी कौतुकाने प्रदर्शन भरवलं आणि तो फोटो दारासमोरच्या भिंतीवर पुरुषभर उंच लावला. विजयमाला सासूला हाताला धरून घेऊन आली. श्यामकांत खांबाआड झाले. पण पावलं ओळखायला म्हातारीला डोळे लागत नव्हते.

“निमकरसाहेब ना? कशी आलीय वो मी?”

“फार छान, हौसाबाई.”

“असंल. सूनबाई म्हणते, लोक बघून रडत्यात.” ती हात पुढे करून चाचपडत चित्राच्या काचेपर्यंत गेली आणि बोटांनी आपलाच गाल शोधू लागली.

मागे रांग खोळंबली होती. चित्रासोबत फोटो काढून घ्यायला आलेली, वाचणारी, जाण असलेली, हळवी माणसं. काहींचे डोळे खरोखरच पाणावले होते. त्यांतलं कुणीतरी अतिशय सभ्य, शुद्ध मराठीत म्हणालं, “आजी, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय.”

कोण म्हणालं ते श्यामकांतांना दिसलं नाही. आवाज ओळखीचा वाटला. आपल्यापैकीच कुणाचा तरी असणार. तुम्ही होतात ना तिथे?