आवाज कोण खातंय?

तार विकत घ्यायची म्हटलं की गुरुलिंगअप्पा आधी दुकानदारालाच दुकानाबाहेर काढत. "जरा तिकडं हुबं ऱ्हावा. तुमची सावली पडती तारंवर," असं म्हणून ते खुशाल त्याच्या गादीवर बसत आणि तारेचं वेटोळं उलगडायला घेत. तार दोन्ही हातांत ताणायची, बोटानं टिचकी मारायची आणि डोळे बारीक करून तिची थरथर बघायची. चांगली तार थरथरताना दोन स्वच्छ रेघा दिसतात. तिसरी दिसली की तार खोटी. अप्पांना तिसरी हमखास दिसायची.

"भेसळ हाय हिच्यात," ते म्हणत.

"अप्पा, पोलादात कशाची भेसळ करणार?"

"ते तुमालाच ठावं."

सोलापूरच्या त्या दुकानदारानं पुढं पुढं अप्पा दिसले की जेवायला जायची सवय लावून घेतली होती. अप्पांना वाटायचं, हा माणूस दिवसभर जेवतो, म्हणजे पैसा नक्की तारांतूनच काढत असणार.

भेसळ हा अप्पांच्या पोटापाण्याचा विषय होता. करण्याचा नव्हे, पकडण्याचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या मुरुम गावात दूध सोसायटी निघाली, तिथं ते दूध तपासायला होते आणि मी कारकून. आमची घरंही एकाच भिंतीची. त्यामुळे दिवसा त्यांचा संशय कचेरीत आणि संध्याकाळी घरी, असा दोन्ही वेळचा रतीब मला होता.

एका वर्षी पुन्हा पावसानं दगा दिला. विहिरी कोरड्या, टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. अशात अप्पांनी एका गवळ्याचं दूध परत केलं. गवळी रडकुंडीला आला. "अवो अप्पा, प्यायला पानी न्हाय, दुदात घालाया कुठनं आनू?"

"त्येच तर इचारतोय," अप्पा म्हणाले, "आनलंस कुठनं?"

कपाळाला हात लावून तो निघून गेला.

आता गिटारीचं सांगतो. तरुणपणी अप्पा हैदराबादला एका बँडपार्टीत होते. तिथला म्हातारा बँडमास्तर गाव सोडून जाताना आपली जुनी गिटार यांना देऊन गेला. मधाच्या रंगाची, कडेला शिंपल्याची नक्षी असलेली. अख्ख्या मुरुमात गिटार ती एकच. शांताक्काला, म्हणजे त्यांच्या मंडळींना, बघायला गेले तेव्हाही अप्पा गिटार घेऊनच गेले होते. पाहुण्यांनी मुलीला काय काय येतं ते विचारायच्या आधी मुलीनंच विचारलं, "ती पेटी वाजती का नुसतीच हाय?" तेव्हापासून रोज संध्याकाळी शांताक्का भाकरी थापणार आणि अप्पा चुलीशेजारी बसून वाजवणार, हा त्या घराचा नेम. मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते हेच.

आणि त्या दुष्काळी वर्षी नेमकी शांताक्कानं तक्रार केली. "अवो, लई बारीक येतोय आवाज. पयल्यासारखा न्हाय."

झालं! अप्पांची झोप उडाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एकच प्रश्न. "आवाज कोन खातंय?"

पहिला संशय छपराच्या पत्र्यांवर गेला. मग गोधड्यांवर. "गोधडी आवाज पिती," असं म्हणून त्यांनी सगळ्या गोधड्या उचलून माझ्या घरात आणून टाकल्या. मग दुष्काळी हवेवर. लाकूड सुकून आवाज बसतो, म्हणून गिटारीच्या खोक्यात ते ओलं फडकं ठेवू लागले. हे कळल्यावर गल्ली खवळली. माणसाला घोटभर मिळेना आणि वाद्याला आंघोळ? अप्पांनी घरात चोरून आड खणलाय, इथपर्यंत लोकांची मजल गेली. संशयाचं असंच असतं, घेणाऱ्याला शेवटी द्यावाही लागतो.

मग पाळी माझी आली. एका रविवारी अप्पा घरात शिरले आणि आमच्या सामाईक भिंतीवर टकटक करत फिरू लागले.

"भाऊ, खरं सांगा. भिंतीला भोक हाय का? आवाज तुमच्याकडं येतोय."

"अप्पा, आलेला आवाज मी कुठं ठेवणार?"

त्यांनी माझ्या धान्याच्या कणगीकडं बराच वेळ बघितलं.

मलाही आता त्यांचा संशय येऊ लागला होता. कारण मला गिटार पूर्वीसारखीच ऐकू येत होती, उलट जरा जास्तच. अप्पा दर महिन्याला पहिल्यापेक्षा जाड तारा चढवत होते आणि इतक्या जोरानं वाजवत होते की फळीवरची भांडी वाजायची. नवराबायकोचं बोलणंही मोठ्यानं चालायचं. मीठ मागायचं तरी अप्पा शेतातून हाक मारल्यासारखे ओरडायचे. या दोघांचं बिनसलंय, असं आमच्या घरात ठरूनही गेलं. माझी बायको म्हणाली, "गिटार फुटायच्या आधी त्यांचं भांडण तरी मिटवा." म्हणून अप्पा पुन्हा सोलापूरला निघाले तेव्हा मी बरोबर गेलो.

या वेळी अप्पांनी गिटारही घेतली होती. तिथं वाद्यं दुरुस्त करणारे एक वृद्ध चाचा होते. त्यांनी गिटार आडवी धरली, तारांखालच्या घोडीजवळ डोळा नेला आणि जीभ चावली. घोडीमागचं लाकूड फुगलं होतं. जाड तारांनी घोडी उपटायला आली होती. "मियाँ, पुरानी चीज है. उसपे इतना जुल्म?" असं म्हणत त्यांनी सगळ्या तारा उतरवल्या, हलक्या चढवल्या आणि वाजवून दाखवलं.

काय गोड आवाज होता! रस्त्यावरचा केळीवाला हातगाडी सोडून दारात आला. अप्पांचे डोळे भरले. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

अप्पा म्हणाले, "काढा ह्या. हुत्या त्यांच्यापेक्षा जाड द्या."

"घोडी निकल जायेगी."

"निगू द्या."

एस.टी. स्टँडवर मी त्यांच्यावर तडकलो. म्हटलं, "अप्पा, इतका चांगला आवाज मिळाला होता, तो सोडून तुम्ही हिचा जीव घ्यायला निघालात? तुमच्या मनात आहे तरी काय?"

अप्पांनी आधी मागं बघितलं. मग बाकाखाली बघितलं. कुणी ऐकत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, "ग्वाड आवाज चुलीपातुर पोचत न्हाय, भाऊ. शांतीला ऐकू यीना झालंय. उमरग्याच्या डाक्टरला म्या एकटाच जाऊन इचारून आलो. इलाज न्हाय म्हनला. तिला वाटतं, गिटारच म्हातारी झाली. वाटू द्या. तिच्या कानाचं तिला कळलं तर ती कुनाच्या दारात जायाची न्हाय, बोलायची न्हाय. त्यापरीस तार खोटी बरी."

पत्रे, गोधड्या, माझी भिंत, सगळ्या जगावर त्यांनी आळ घेतला होता, तो एका बाईच्या कानांवर येऊ नये म्हणून. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

त्याच संध्याकाळी मी गोधड्या परत द्यायला गेलो. शांताक्का आमच्याकडं पाठ करून चूल फुंकत होत्या. अप्पांनी नव्या तारा पिळून पिळून स्वरात आणल्या आणि पहिलाच जोराचा हात मारला. कडाड् असा आवाज झाला आणि घोडी लाकडाची ढलपी घेऊन उपटून आली. मी दचकून गोधड्या खाली टाकल्या. शांताक्का चूल फुंकतच होत्या.

थोड्या वेळानं त्या वळल्या. अप्पांनी चटकन उपटलेल्या घोडीवर पंजा ठेवला आणि लोंबणाऱ्या तारांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवू लागले. कसलाही आवाज नव्हता. शांताक्का त्या बोटांकडं आणि सैल तारांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मान डोलवली, जागच्या जागी ताल धरला, आणि अप्पांच्या घामेजल्या तोंडाकडं बघून म्हणाल्या,

"आत्ता लागला बगा आवाज. अगदी पयल्यासारखा."

अप्पांचा हात थांबला. ते शांताक्काकडं बघू लागले. दुधाकडं बघायचे तसं नव्हे. मग त्यांनी पुन्हा बोटं फिरवायला सुरुवात केली आणि मोठ्यानं ओरडून म्हणाले, "औंदा तार चांगली मिळाली!"