तीन लाख वीस हजारांचा कोंबडा

असेकेन्येबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती झालीच म्हणून समजावं, असं खुद्द असेकेन्येबाईच सगळ्यांना सांगत. यंदा त्यांनी पास्टरच्या सायकलीचं मनावर घेतलं होतं.

पास्टर एतोलूंचा पगार नावापुरता. चार गावांच्या प्रार्थना, आजारी माणसं, मयती, सगळं पायी. आधीचे पास्टर असेच चालून चालून कंटाळले आणि सोरोटी शहरात साबणाचं दुकान टाकून बसले. आता एतोलूंचेही पाय सुजायला लागले होते. हेही गेले तर या आडगावात तिसरं कोण येणार?

तोडगा तयार होता. ज्यांच्या हातात रोकड नसते ते चर्चला अंडी, कसाव्याचे कंद, कोंबड्या वाहतात आणि प्रार्थना संपली की अंगणातल्या आंब्याखाली त्यांचा लिलाव होऊन पैसे चर्चला मिळतात. असेकेन्येबाईंनी आपला म्हातारा, भांडखोर कोंबडा वाहिला.

"तुम्ही मागे उभे राहून बोली चढवत न्या," त्यांनी नवऱ्याला, एक्वारूला, बजावलं. "मी डोक्यावरचं फडकं सावरलं की गप्प व्हायचं. समोरचा आपोआप अडकतो."

"आणि तू विसरलीस तर?"

"मी आजवर कधी काही विसरलेय?"

एक्वारूने मान डोलावली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

रविवारी पहिल्याच रांगेत काळा चष्मा लावलेला एक शहरी पाहुणा येऊन बसला. असेकेन्येबाईंनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. चर्चचे कारभारी ओमोडिंग यांनी कोंबडा उंच धरून तीस हजार शिलिंगांचा पुकारा केला. पाहुणा म्हणाला चाळीस. मागून एक्वारू म्हणाला पन्नास.

लाख झाले तेव्हा बायकांची कुजबुज थांबली. दोन लाख झाले तेव्हा एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "का गं, हा कोंबडा बोलतो की काय?"

अडीच लाखांवर असेकेन्येबाईंचा हात फडक्याकडे निघाला. पण पाहुणा इतक्या ऐटीत बसला होता की हात गालावरच थांबला. अजून एकच बोली. सायकलीबरोबर पंपही येईल.

"तीन लाख," पाहुणा म्हणाला.

"तीन लाख वीस हजार," एक्वारू म्हणाला.

ओमोडिंगनी नाक खाजवलं. पाहुणा हाताची घडी घालून गप्प बसला.

"एक वार! दोन वार! तीन वार!"

असेकेन्येबाईंनी दोन्ही हातांनी फडकं सावरलं, पण तोवर कोंबडा हातोहात मागे एक्वारूच्या काखेत गेला होता.

ओमोडिंग हसत हसत त्यांच्याकडे आले. "बाई, सायकल आली म्हणून समजा! भाव चढवायला मी माझ्या मेहुण्याला बसवलं होतं. मी नाक खाजवलं की थांब, एवढंच सांगितलं होतं त्याला. पण मागच्या गर्दीत चेहरा दिसला नाही, तो येडा कोण हो?"

"माझा नवरा," असेकेन्येबाई म्हणाल्या.

चर्चच्या अंगणात बोललेली बोली फिरवायची नाही, हा नियम होता. गेल्या वर्षी तो मंडळात भांडून मंजूर करून घेतला होता तो असेकेन्येबाईंनीच.

एक्वारूच्या खिशात एवढी रोकड कुठली? आंब्याला टेकवलेली आपली सायकल त्याने हाताने चालवत आणली. दोन हंगामांचा भुईमूग विकून घेतलेली, कोरी करकरीत, हँडलला प्लास्टिकची लाल फुलं लावलेली. बोलीच्या रकमेत आणि तिच्या किमतीत थोडाफार फरक होता, पण तो विषय काढायची कोणाची छाती झाली नाही. पास्टर एतोलूंना तर रडूच कोसळलं. असा दाता आपण जन्मात पाहिला नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ते ऐकून असेकेन्येबाईंना क्षणभर खरंच बरं वाटलं, मग त्यांची नजर हँडलवरच्या लाल फुलांवर गेली.

नवराबायको पायी घरी निघाले. कोंबडा एक्वारूच्या काखेतून त्याच्याच दंडाला चोची मारत होता. मागून घंटी वाजली आणि पास्टर झोकात पुढे निघून गेले. जाता जाता ओरडले, "असेकेन्येबाई, पंपाचं तेवढं पुढच्या रविवारी बघा हो!"

एक्वारूने कोंबड्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. असेकेन्येबाईंचा हात नकळत फडक्याकडे गेला.

"आता सावर," तो म्हणाला. "आता घरापर्यंत सावरतच चल."